नव्यानं नमाजला लागणाऱ्यांसाठी

दर उन्हाळ्यात असरच्या (दुपार कलल्यावरच्या) नमाजनंतर आमच्या पडवीत चारपाच जणी येऊन बसतात. कुणी लग्न होऊन मुंबईहून कोकणात आलेली. कुणी पन्नाशीतली, लहानपणी मदरशात गेलेली, पण मग सुटलं ते सुटलंच. गेल्या वर्षी एक अशी होती जिनं नुकताच कलमा पढून इस्लाम स्वीकारला होता. बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असतो, आणि तो हात कुठं बांधायचे हा नसतो. "इतकी वर्षं गेली. आता अल्लाह माझं ऐकेल का?"

त्यावर मी एक हदीस, म्हणजे पैगंबरांकडून आलेलं वचन, सांगते. बंदा माझ्याकडे एक वीत आला तर मी त्याच्याकडे एक हात जातो, असं अल्लाह म्हणतो. वीत आणि हात ही आपल्या रोजच्या मापातली गोष्ट. तुम्हाला फक्त पहिली वीत टाकायची आहे. ती कशी टाकायची हे मी इथं सांगते आहे. मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली, नाही, शाळेत शिकवते. जे घरात शिकले आणि इमामसाहेबांना विचारून पक्कं केलं तेवढंच लिहिते. बारीक मसला (नियमाचा प्रश्न) आला तर तुमच्या मशिदीतल्या इमामसाहेबांनाच विचारा.

आधी नियत

बुखारीच्या संग्रहातली पहिलीच हदीस नियतवर, म्हणजे मनातल्या हेतूवर, आहे: कर्माचं मोल नियतवर ठरतं. आपल्याकडे मुलांना "नियत करता हूँ मैं चार रकात…" असं लांबलचक वाक्य पाठ करून घेतात. रकात म्हणजे नमाजेचा एक फेरा. ते वाक्य आलं नाही म्हणून नमाज अडत नाही. आता जोहरचे (दुपारच्या नमाजेचे) चार फर्ज, म्हणजे सक्तीच्या रकाती, अल्लाहसाठी पढते आहे, एवढं मनात स्पष्ट असलं की नियत झाली.

अवघड आहे ते "अल्लाहसाठी" हा शब्द खरा ठेवणं. लग्न झाल्यावर पहिली दोनतीन वर्षं माझ्या लक्षात एक गोष्ट आली. घरात पाहुण्या बायका असल्या की माझा सजदा (कपाळ जमिनीला टेकणं) लांबायचा, आणि एकटी असले की चार रकाती तीन मिनिटांत उरकायच्या. हे कळलं तेव्हा मी फार रडले. मग सासूबाईंनी एक साधा उपाय सांगितला: दोन रकाती नफिल (ऐच्छिक) रोज अशा वेळी पढ, जेव्हा घरातल्या कुणालाच दिसणार नाही, आणि त्याबद्दल कुणाशी कधी बोलू नकोस. म्हणून ती वेळ कोणती ते मी इथंही लिहीत नाही. तुम्ही तुमची शोधा.

कुरआनातल्या ११२व्या सूरतीचं (अध्यायाचं) नाव इखलास, म्हणजे निखळपणा, भेसळ नसणं. पण तिच्या चार आयतींत "इखलास" हा शब्द कुठंच येत नाही. मला हे नेहमी मोठं वाटतं. जी गोष्ट खरी असते तिला आपलं नाव सांगावं लागत नाही.

वुजू: एका तांब्यात

आमचे आजोबा परसदारी पाथरीवर बसून वुजू, म्हणजे नमाजेआधीचं हातपाय-तोंड धुणं, करायचे. शेजारी तांब्याचा तांब्या, आणि पाय धुतलेलं पाणी सरळ केळीच्या बुंध्याशी जायचं. एप्रिल-मे महिन्यात विहीर तळाला गेली तरी त्यांचं वुजूचं पाणी कमी पडलं नाही, कारण ते मुळातच एक तांब्याभर असायचं. पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम एका मुद्दमध्ये वुजू करत, असं हदीसमध्ये येतं. मुद्द म्हणजे दोन्ही हातांच्या एका भरल्या ओंजळीचं जुनं माप, आजच्या हिशेबानं साधारण सहाशे-सातशे मिलिलिटर. आपण नळ सोडून वुजू करतो तेव्हा बादलीभर जातं. शिकायचं असेल तर पहिले आठ दिवस नळ बंद ठेवा आणि तांब्यानंच वुजू करा. हात आपोआप शिकतो.

क्रम असा. बिस्मिल्लाह म्हणून दोन्ही हात मनगटापर्यंत तीनदा धुवायचे. तीनदा चूळ भरायची, तीनदा नाकात पाणी घेऊन नाक साफ करायचं. मग चेहरा तीनदा: कपाळावर केस उगवतात तिथपासून हनुवटीखालपर्यंत, आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. मग कोपरांसकट हात, आधी उजवा, मग डावा. ओला हात डोक्यावरून फिरवायचा, याला मसह म्हणतात, आणि त्याच ओघात कान पुसायचे. शेवटी घोट्यांसकट पाय. यातला चेहरा, हात, डोक्याचा मसह आणि पाय यांचा हुकूम थेट कुरआनात, सूरह माइदाच्या सहाव्या आयतीत आहे. बाकीचं सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत.

पाणी कातडीला लागलं पाहिजे, हे लक्षात ठेवा. भाकऱ्या थापून उठलात की नखांच्या कडेला पीठ वाळून घट्ट बसलेलं असतं. ते आधी काढा. नेलपॉलिशखाली पाणी जात नाही, ते पुसूनच वुजू करायचा. मेंदीचा रंग मात्र चालतो, तो कातडीवर थर धरत नाही. आणि टाचा! घाईत टाचा कोरड्या राहतात, भेगा असल्या तर जास्तच. कोरड्या टाचांबद्दल हदीसमध्ये कडक इशारा आहे, म्हणून बोटानं चोळून बघा.

किबला आणि वेळा

किबला म्हणजे नमाजेत तोंड करायची दिशा, मक्केतल्या काबाची. महाराष्ट्रातून मक्का पश्चिमेला, थोडी उत्तरेकडे कललेली. मुंबईहून हा कल साधारण दहा अंशांचा. फोनमधलं होकायंत्र लोखंडी कपाटाजवळ किंवा पंख्याच्या मोटारीजवळ चुकतं, त्यामुळे त्यावर डोळे मिटून विसंबू नका. एक जुनी खात्रीची रीत आहे. २७-२८ मे रोजी आपल्या घड्याळात दुपारी २ वाजून ४८ मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर काबाच्या माथ्यावर असतो. त्या वेळी अंगणात दोरीला दगड बांधून लोंबता सोडा. जमिनीवर पडलेल्या सावलीच्या उलट दिशा म्हणजे तुमचा किबला. १५-१६ जुलैलाही असा योग येतो, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेलं, म्हणून मे महिना चुकवू नका. एकदा खूण केली की घराला जन्मभर पुरते.

फर्ज रकाती दिवसाच्या १७. फजर २, जोहर ४, असर ४, मगरिब ३, इशा (रात्रीची) ४. आधी या सतरा पक्क्या करा. सुन्नती लगेच जोडता आल्या तर फारच चांगलं, पण बारा सुन्नती आणि नफिलांचा डोंगर बघून फर्जच सोडून देणाऱ्या मी पाहिल्या आहेत. अल्लाहला सगळ्यात आवडतं ते काम, जे थोडं असलं तरी नेमानं होतं, ही पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी सांगितलेली हदीस घरात कुठंतरी लिहून लावा.

फजर पहाट फुटल्यापासून सूर्य उगवेपर्यंत. जोहर सूर्य माथ्यावरून कलला की, आपल्याकडे हंगामाप्रमाणे साडेबारा-पाऊणच्या आसपास सुरू होते आणि असरपर्यंत चालते. शाळेत, कचेरीत काम करणाऱ्यांना हीच सर्वांत सोपी, कारण जेवणाची सुट्टी याच वेळेत येते. डबा खायला वीस मिनिटं लागतात, चार फर्ज सहासात मिनिटांत होतात. मी शाळेत एक चटई आणि पाण्याची बाटली कपाटात ठेवते, कुणाच्या वाटेत येणार नाही असा कोपरा धरते, आणि मुख्याध्यापिकाबाईंना आधीच सांगून ठेवलं आहे. विचारलं तर बहुतेक ठिकाणी जागा मिळते. मगरिबची वेळ मात्र आखूड, दिवेलागणीला हातातलं काम ठेवून उठावंच लागतं. सूर्य उगवताना, बरोबर माथ्यावर असताना आणि मावळताना नफिल पढू नयेत.

एक रकात, सावकाश

किबल्याकडे तोंड करून "अल्लाहु अकबर" म्हणत हात उचलून बांधायचे. सना (सुरुवातीची स्तुती), मग सूरह फातिहा (कुरआनातली पहिली सूरत), मग एखादी छोटी सूरत. वाकून रुकू, त्यात तीनदा "सुबहान रब्बियल अजीम". सरळ उभं राहायचं. मग सजदा: कपाळ नाकासकट, दोन तळहात, दोन गुडघे, दोन पायांची बोटं अशी सात अंगं जमिनीला टेकलेली, आणि तीनदा "सुबहान रब्बियल आला". बसायचं, पुन्हा सजदा. ही झाली एक रकात. दोन रकातींनंतर बसून अत्तहियात (बैठकीतलं पठण), शेवटच्या बैठकीत दरूद (पैगंबरांसाठीची दुआ) आणि दुआ, मग उजवीकडे आणि डावीकडे सलाम.

एकदा एक माणूस मशिदीत आला, घाईनं नमाज पढला आणि पैगंबरांना सलाम करायला गेला. ते म्हणाले, "परत जा, नमाज पढ, कारण तू नमाज पढलाच नाहीस." असं तीनदा झालं. शेवटी तो म्हणाला, मला याहून चांगलं येत नाही, मला शिकवा. तेव्हा त्यांनी सांगितलं: रुकूत स्थिर हो, मग उठून सरळ उभा राहा, सजद्यात स्थिर हो, बसताना स्थिर हो. या माणसाबद्दल मला फार माया वाटते. त्यानं "मला शिकवा" म्हटलं म्हणून आपल्या सगळ्यांना नमाज कळली. तुम्हीही तसं म्हणायला लाजू नका, वय साठ असलं तरी.

फातिहाच्या सात आयती पाठ व्हायला आठवडा लागतो. तोपर्यंत काय करायचं? ज्याला कुरआन पाठ नाही त्यानं "सुबहानल्लाह, अलहमदुलिल्लाह, ला इलाह इल्लल्लाह, अल्लाहु अकबर" म्हणावं, अशी सवलत हदीसमध्ये आहे. म्हणून "पाठ झालं की सुरू करते" म्हणून थांबू नका. फातिहानंतर कौसर घ्या, तीनच आयती. मग इखलास, फलक, नास. एवढ्यावर वर्षभर नमाज उत्तम चालते.

देवनागरीत छापलेल्या अरबी आयती काठीसारख्या वापरा, चालायला शिकलं की सोडायच्या. अरबीत दोन वेगवेगळे क आहेत. घशातून येणाऱ्या क नं "कल्ब" म्हटलं तर हृदय, आणि साध्या क नं "कल्ब" म्हटलं तर कुत्रा. आपल्या लिपीत दोन्ही एकसारखेच दिसतात. म्हणून कुणाच्या तरी तोंडून ऐकून, समोर बसून शिका. आणि मराठी तर्जुमा शेजारी उघडा ठेवा. रोज पाच आयतींचा अर्थ वाचला तरी उभं राहताना मन रिकामं राहत नाही.

सुटलेल्या नमाजा, प्रवास, आणि बायकांचे दिवस

ज्यांनी नव्यानं कलमा पढला आहे त्यांच्यावर मागचं काहीच नाही. इस्लाम आधीचं सगळं पुसून टाकतो. मुसलमान घरात वाढून वर्षं सुटली असतील तर कजा, म्हणजे सुटलेली नमाज नंतर, पढायची. त्याचा धसका घेऊ नका. एक वही करा, अंदाजानं वर्षं लिहा, आणि रोजच्या प्रत्येक फर्जबरोबर त्याच वेळेची एक कजा पढा. एका वर्षात एका वर्षाचं फिटतं.

साधारण ऐंशी किलोमीटरच्या पुढचा प्रवास असेल तर चारच्या दोन फर्ज होतात. चिपळूणहून मुंबईला निघालात की जोहर, असर, इशा दोन-दोन. मगरिब तीनच राहते. शाफई आणि हनफी हे दोन मसलक, म्हणजे नियमांच्या परंपरा. शाफई मसलकात प्रवासात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढता येतात. हनफी प्रत्येक आपापल्या वेळी पढतात.

पाळीच्या दिवसांत नमाज नाही, आणि नंतर तिची कजाही नाही. रोजे मात्र नंतर पुरे करायचे. मुली हे विचारायला संकोचतात आणि कुणी सांगत नाही, म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते. त्या दिवसांत दुआ, दरूद, जिक्र (अल्लाहचं स्मरण) सगळं चालतं. मुसल्ल्यावर (नमाजेच्या चटईवर) त्या वेळेला येऊन पाच मिनिटं शांत बसलात तर सवयही तुटत नाही.

शाफई की हनफी?

कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. त्यामुळे साताऱ्याची सून रत्नागिरीत आली की गोंधळते. इथं असरची बांग लवकर होते, कारण सावली वस्तूएवढी लांब झाली की शाफईंची असर लागते, हनफींची सावली दुप्पट झाल्यावर. इथं रुकूला जाताना हात उचलतात, फजरमध्ये उभ्यानं कुनूत (एक दुआ) पढतात. सासरी तिसऱ्यांचं कालवण ताटात येतं आणि ती थांबते, कारण हनफी मसलकात समुद्रातला फक्त मासा चालतो. कोळंबीबद्दल हनफी उलेमांतही दोन मतं आहेत. रक्त वाहिलं तर हनफींचा वुजू मोडतो, शाफईंचा नाही.

दोन्ही वाटा खऱ्या इमामांच्या आहेत. जी तुमच्या घराची आहे ती धरा आणि पूर्ण धरा, आज सोपं म्हणून इकडचं, उद्या सोपं म्हणून तिकडचं असं नको. शेजारचीचे हात छातीवर की नाभीखाली, हे आपल्या नमाजेतून बघत बसू नका.

जकात: तोळ्याचा घोटाळा

इथं नव्या लोकांची चूक हमखास होते. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, एवढी मालमत्ता चांद्रवर्षभर राहिली की अडीच टक्के जकात (सक्तीचं दान), हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. आजचा सराफ १० ग्रॅमचा तोळा धरतो. म्हणून ग्रॅममध्येच मोजा: सोनं ८७.४८ ग्रॅम, चांदी ६१२.३६ ग्रॅम. अंगावर घालायच्या दागिन्यांवर हनफी मसलकात जकात आहे, शाफई मसलकात रीतीप्रमाणे वापरातल्या दागिन्यांवर नाही. दरवर्षी एक चांद्र तारीख ठरवा, बहुतेक जण रमजानमधली ठरवतात, आणि त्या दिवशी वही घेऊन बसा. देताना आधी आपल्या नात्यातले, गल्लीतले गरजू बघा. त्यांना "जकात आहे" असं तोंडावर सांगण्याची गरज नसते.

भांडं मागायला आलेली शेजारीण

हे मी मुद्दाम शेवटाकडे ठेवते, कारण नमाज अंगवळणी पडली की मगच हा प्रश्न खरा भिडतो. कुरआनातली १०७वी सूरत, माऊन. सात छोट्या आयती. त्यात म्हटलंय, वाईट आहे अशा नमाजींचं, जे आपल्या नमाजेबद्दल गाफील आहेत, जे दाखवण्यासाठी करतात आणि "माऊन" नाकारतात. माऊन म्हणजे घरातल्या रोजच्या वापराच्या साध्या वस्तू, शेजाऱ्यानं मागितल्या तर द्यायच्या: पातेलं, कुऱ्हाड, बादली. अनाथाला ढकलणारा आणि दिखाऊ नमाजी, दोघे एकाच सूरतीत.

मी ही सूरत शिकवली त्या संध्याकाळी शेजारच्या काकू आमचं मोठं पातेलं मागायला आल्या होत्या, त्यांच्याकडे सत्यनारायण होता. मागच्या वेळी पातेल्याला पोचा पडून आला होता, त्यामुळे "नाही" माझ्या ओठांवर आलं होतं. पडवीत बसलेल्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मी पातेलं घासून, पुसून दिलं. मुली बघत होत्या म्हणून दिलं की अल्लाहसाठी, हे मी त्या रात्री बराच वेळ स्वतःला विचारत राहिले.

पैगंबरांनी आपले साथी अबू जर यांना सांगितलं होतं, रस्सा करशील तर पाणी जास्त घाल आणि शेजाऱ्यांची आठवण ठेव. दुसरे एक साथी, हजरत अब्दुल्लाह बिन अम्र, यांच्या घरी बकरी कापली तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे पाठवलंत का? आमच्या गल्लीत अर्धी घरं शाकाहारी, म्हणून ईदला त्यांच्याकडे शिरखुर्मा जातो, वेगळ्या धुतलेल्या भांड्यात. ज्यांचे आईवडील मुसलमान नाहीत, त्यांनी तर त्यांची सेवा एक कणही कमी करू नये. सूरह लुकमानमध्ये हुकूम आहे की शिर्क (अल्लाहबरोबर दुसऱ्याला पूजणं) करायला सांगितलं तर ऐकू नकोस, पण दुनियेत त्यांच्याशी चांगलंच वाग. आईला दवाखान्यात नेणं, वडिलांची औषधं आणणं, हे तुमच्या नव्या वाटेचंच काम आहे.

झोपण्याआधी

पैगंबरांच्या लेकीच्या, हजरत फातिमांच्या, हातांना जातं ओढून घट्टे पडले होते. घरकामाला कुणीतरी मिळावं म्हणून त्या वडिलांकडे गेल्या. पैगंबर रात्री त्यांच्या घरी आले आणि म्हणाले, याहून चांगलं सांगतो: झोपताना ३३ वेळा सुबहानल्लाह, ३३ वेळा अलहमदुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणत जा. आमच्या आजीचेही हात जात्यानं असेच झाले होते. तिला ही तसबीह बोटांच्या पेरांवर मोजता यायची. मोजून झाली की ती हात उचलून दुआ मागायची, आणि दुआ आपल्या भाषेत, कारण अल्लाहला मराठी कळते याबद्दल तिला कधी शंका आली नाही. आधी गल्लीतल्या आजाऱ्यांची नावं, एकेक पेरावर एकेक. मग बोटीवर गेलेल्या मुलांची. मग पाऊस वेळेवर पडू दे. स्वतःचं नाव घ्यायच्या आत बहुतेक वेळा तिला झोप लागलेली असायची.